पेठेतलं किराणा दुकान कागदावर उतरवताना

पेठेतला एखादा वाडा पुनर्विकासाला गेला की त्याच्या दर्शनी खणातलं किराणा दुकान आधी शेजारच्या बोळात हलतं आणि इमारत उभी राहिली की तळमजल्यावर परत येतं. मालक तेच, गिऱ्हाईक बरंचसं तेच, माल तर तोच. पण फळ्यांच्या दाराजागी शटर येतं, पत्र्याच्या डब्यांजागी कंपनीचे रॅक येतात आणि पेंटरने हाताने रंगवलेली पाटी भंगारवाल्याकडे गेलेली असते.

हा लेख त्या आधीच्या काळात करायच्या कामाबद्दल आहे. ज्यांना थोडंफार ग्राफिक डिझाइन येतं, हातात बरा मोबाइल किंवा कॅमेरा आहे आणि आपल्या गल्लीतलं एखादं वाणसामानाचं दुकान पोस्टर, पुस्तिका किंवा कॅलेंडरच्या रूपाने जपावंसं वाटतं, त्यांच्यासाठी.

एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो. अशा कामात बहुतेकांची पहिली उडी पिवळट कागद, एक तराजू, एक बरणी आणि वर 'आठवणीतलं दुकान' अशा चित्राकडे जाते. ते दुकान पुण्याचं की पंढरपूरचं हे कुणाला सांगता येणार नाही. प्रत्येक दुकानाची स्वतःची मांडणी असते, स्वतःची अक्षरं, स्वतःचे रंग. कुठल्या डब्याशेजारी कुठला डबा हे मालकाने वर्षानुवर्षं हात पोचेल त्या हिशोबाने ठरवलेलं असतं. तेसुद्धा डिझाइनच. आपण आधी ते नीट टिपायचं, स्वतःची कलाकारी नंतर.

दुकान आणि वेळ

एकच दुकान घ्या. 'पुण्यातली जुनी दुकानं' असा मोठा घास घेतला की प्रत्येकाचे चार फोटो होतात आणि हाती काहीच लागत नाही. जिथे तुमच्या घरचं वाणसामान येतं ते दुकान सगळ्यात बरं, कारण तिथे ओळख करून घ्यायची गरज नसते. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, रविवार, नाना, भवानी, कुठलीही पेठ चालेल. भवानी आणि नाना पेठेत जुन्या भुसार बाजाराच्या खुणा अजून दिसतात. बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, पण मोठे दरवाजे, माल उतरवायचे उंच ओटे आणि पोत्यांच्या थप्प्यांसाठी खोल ठेवलेल्या खोल्या काही ठिकाणी राहिल्या आहेत. घाऊक दुकान आणि गल्लीतलं किरकोळ दुकान यांची मांडणी फार वेगळी, तेव्हा दोन्ही एका कामात कोंबू नका.

महिन्याचा पहिला आठवडा टाळा. पगार झालेले असतात, याद्या आलेल्या असतात, मालकाला मान वर करायला फुरसत नसते. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे दिवसही नकोत. पुण्यातल्या दुपारच्या बंदवर पुरेसे विनोद होऊन गेलेत, पण आपल्या कामाला ती वेळ फार सोयीची. बंद दुकानाचा दर्शनी भाग, फळ्या, कुलपाची पट्टी, ओटा हे सगळं विनागर्दी तेव्हाच मिळतं.

परवानगी तोंडी घ्या आणि कशासाठी घेताय ते पहिल्याच वाक्यात सांगा. "काका, तुमच्या दुकानाचं चित्र करायचंय, मापं घेऊन. छापलं की पहिली प्रत तुम्हाला." यावर बहुतेकदा उलट प्रश्न येतो, "कशाला? काय आहे त्यात?" कधी शंकाही येते की हा महापालिकेचा माणूस की बिल्डरचा. वाडा वादात असेल, भाडेकरू-मालक प्रकरण कोर्टात असेल, तर मोजपट्टी बघून कुणीही बिथरेल. अशा ठिकाणी मोजमापाचा हट्ट धरू नका. फोटोवरून अंदाजाने काढा आणि चित्रावर कुठेही लांबी-रुंदी लिहू नका. तोंडी होकार मिळाल्यावर काय छापणार, किती प्रती, विकणार की वाटणार, हे एका कागदावर मराठीत लिहून द्या. सही नाही मिळाली तरी चालेल, कागद त्यांच्या गल्ल्यात राहिला पाहिजे.

फोटो: सरळ, कंटाळवाणे आणि भरपूर

सुंदर फोटो नकोत, कामाचे हवेत. पाटीसमोर काटकोनात उभं राहून घेतलेला फोटो हा सगळ्या पुढच्या कामाचा पाया. खालून वर तोंड करून घेतला तर अक्षरं वर निमुळती होतात. सॉफ्टवेअरमध्ये ती सरळ करता येतात, पण जाडी-बारकी बिघडते. पेठेतले बोळ अरुंद, मागे सरकायला जागा नसते. त्यावर उपाय समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याची खिडकी किंवा गॅलरी. पाटी बहुधा त्याच उंचीवर येते. समोरच्या काकूंना विचारा, चहाही मिळेल.

ऊन असताना पाटीवर छपराची तिरकी सावली पडते, म्हणून ढगाळ दिवस किंवा सकाळचा सावलीतला उजेड घ्या. पावसाळ्यातली उघडीप उत्तम, रंग धुऊन निघालेले असतात.

रंगांसाठी कॅमेऱ्यावर विसंबू नका. रंगांच्या दुकानातून ऑइल पेंटचं शेड कार्ड आणा, ते पाटीवर, दाराच्या चौकटीवर, रॅकच्या फळीवर टेकवून जवळचा रंग ठरवा आणि त्याचा नंबर वहीत लिहा. झिजलेला रंग आणि मूळ रंग वेगळे असतात. मूळ रंग बिजागरीच्या मागे किंवा पाटीच्या चौकटीखाली सापडतो, कारण तिथे ऊन लागलेलं नसतं. दोन्हींची नोंद करा.

आतले फोटो एका क्रमाने घ्या. दाराच्या डाव्या हाताने सुरुवात करून भिंतीभिंतीने उजवीकडे, मग छत, मग जमीन. छत विसरायचं नाही. सुतळीचा गुंडा, पिशव्यांचे झुबके, साखळीला टांगलेला तराजू हे सगळं वरूनच लोंबत असतं.

मोजपट्टी आणि पेन्सिल

दर्शनी भागाचं मापात काढलेलं चित्र हे या कामाचं मुख्य फळ, असं माझं मत. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी त्यात येतात, आणि ते काढताना डोळा जिथे थांबतो तिथे एरवी थांबला नसता.

पेठेतल्या एका खणाची रुंदी साधारण दहा फूट धरली तर ती तीन मीटरच्या आसपास. १:१० या प्रमाणात ती कागदावर तीस सेंटिमीटर होते, म्हणजे ए३ कागदाच्या बेचाळीस सेंटिमीटर बाजूत आरामात बसते आणि दोन्हीकडे ओट्यासाठी जागा उरते. आतला नकाशा, म्हणजे वरून पाहिल्यासारखं चित्र, १:२० मध्ये पुरे. आधी वहीत हाताने कच्चं चित्र काढा, त्यावर मापं लिहा, घरी येऊन पक्कं करा. एक जण पट्टी धरायला आणि एक लिहायला असला की गिऱ्हाइकांना अडथळा होत नाही.

फळ्यांचं दार अजून शाबूत असेल तर त्यावर वेळ घालवा. उंबऱ्यात एक खाच, वरच्या चौकटीत एक खाच, त्यात एकेक उभी फळी सरकवत न्यायची, शेवटी आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे प्रत्येक फळी आपल्याच जागी बसते. म्हणून तिच्यावर आकडा असतो. हे आकडे पेंटरचे नसतात. मालकाने किंवा नोकराने उरल्यासुरल्या रंगात रंगवलेले असतात, फळी जमिनीवर आडवी टाकून, त्यामुळे थोडे तिरके. एखादी फळी सडून बदललेली असते, तिच्यावरचा आकडा वेगळ्या हाताचा आणि वेगळ्या रंगाचा. एखाद्या 'पाच'चं पोट फुगीर, दुसरीकडचा 'पाच' काडीसारखा. प्रत्येक आकडा जवळून, सरळ, वेगळा टिपा. पुस्तिकेत पानांना हेच आकडे वापरता येतात, आणि त्याहून चांगले पृष्ठांक तुम्हाला कुठल्या फॉन्टमध्ये मिळणार नाहीत.

वजनं-मापंही मापात काढा. धान्य मापायची जुनी मापं कुठे कुठे माळ्यावर असतात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. एकाच प्रमाणात शेजारी शेजारी काढली की हा दुपटीचा हिशोब चित्रातच दिसतो, खाली लिहावा लागत नाही. षटकोनी लोखंडी वजन उलटं करून पाहा. त्यात शिसं भरलेलं भोक असतं आणि शिशावर तपासणीचे ठसे, वर्ष आणि तिमाही दाखवणारे. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासली की ठसा कागदावर उतरतो, फोटोपेक्षा स्पष्ट.

पाटी: अक्षरं आणि वय

पाटीचा फोटो इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या, लॉक करा आणि वरून पेन टूलने अक्षरं हाताने गिरवा. ऑटो ट्रेसचं बटण दाबू नका. ते रंगाचे पोपडे आणि अक्षराची कड यांत फरक करत नाही. बिंदू कमीत कमी ठेवा, वळणाच्या टोकांवर. एकाच पाटीवरचे दोन 'र' सारखे नसतात, आणि ते सारखे करायचे नाहीत. पेंटर डावीकडून निघाला, अर्ध्यावर जागा कमी पडतेय हे लक्षात आलं, मग 'भांडार'चा शेवटचा 'र' बारीक झाला. ही पाटी रंगवतानाची एक दुपार त्या एका अक्षरात उतरलेली असते.

शिरोरेषा नीट पाहा. काहींच्या अक्षरांना ती सलग, काहींच्या शब्दांत तुटक, काहींनी तिच्याच टोकाला वेलबुट्टी काढलेली. सावली कुठल्या बाजूला पडते, दुरंगी आहे का, हेही. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरची सही असेल तर ती आधी टिपा. त्याचं नाव छापायचं तर त्याच्या घरच्यांना विचारून, पण श्रेय द्याच.

यावरून अख्खा फॉन्ट करायचा मोह होतो. आवरा. देवनागरी फॉन्ट म्हणजे मुळाक्षरं, मात्रा आणि शेकडो जोडाक्षरं. पाटीवर असतात पंधरा-वीस अक्षरं. बाकीची तुम्ही मनाने काढणार आणि त्याला त्या दुकानाचं नाव देणार, हे काही बरं नाही. शीर्षकापुरतं हाताने जुळवलेलं अक्षरांकन करा, पेंटरने न काढलेली दोन-चार अक्षरं लागली तर त्याच्याच फटकाऱ्यांतून काढा आणि शेवटच्या पानावर तसं नमूद करा.

आता वय. मालकांना दुकान कधी सुरू झालं ते ठाऊक असतं, पाटी कधीची ते क्वचितच. पण पाटी, जुनी बिलं आणि बिलबुकं स्वतःच बोलतात:

- किंमत आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची, त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असं छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४पासून 'नवे' गळलं.
- शेर-मणाची जागा किलोने १९५८पासून टप्प्याटप्प्याने घेतली. बिलावर दोन्ही दिसलं तर बहुधा त्या संधिकाळातलं.
- 'पुणे ३०' असा नुसता टपाल विभाग असेल तर जुनी सवय, '४११ ०३०' असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, त्या दिवशी पिनकोड सुरू झाले. मात्र 'पुणे ३०' लिहायची सवय पुण्यात पुढेही टिकली, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका.
- फोनचे आकडे मोजा. सहा आकडी सात आकडीच्या आधीचा, आठ आकडी आणि २ने सुरू होणारा त्यानंतरचा. शहराचा कोड ०२१२ असेल तर ०२०च्या आधीचा.
- व्हॅट क्रमांक असेल तर १ एप्रिल २००५ नंतर. २७ने सुरू होणारा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून पंधरा जागांचा जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतर.

नदीकाठच्या पेठांत आणखी एक प्रश्न विचारा, "पानशेतला दुकान इथेच होतं का?" पानशेत धरण फुटून १२ जुलै १९६१ला आलेल्या पुरात शनिवार, नारायण, कसबा भागातल्या दुकानांतलं धान्य, वह्या, लाकडी सामान गेलं. कित्येक दुकानांत १९६१च्या आधीचा एकही कागद नसतो, त्याचं कारण हे. कुणी पाणी कुठवर आलं होतं ते हाताने भिंतीवर दाखवतं. ती उंची मोजा आणि दर्शनी चित्रावर एक बारीक आडवी रेघ द्या. त्या एका रेघेने चित्र पुण्याचं होतं.

दुकानांच्या पाट्या मराठीत आणि इतर लिपीइतक्या मोठ्या अक्षरांत हव्यात, हा नियम राज्यात २०२२पासून छोट्या दुकानांनाही लागू आहे. पेठेतल्या जुन्या पाट्या मुळातच मराठी. तरी नवा बोर्ड करायचाच तर मालक फ्लेक्सवाल्याकडे जातात. अशा वेळी तुमचं गिरवलेलं नाव त्यांना फाइलमध्ये देऊन ठेवा. फ्लेक्सवर का होईना, जुनी अक्षरं राहतील.

बोलतं कसं करायचं

"जुन्या आठवणी सांगा ना" असं म्हटलं की माणूस सावरून बसतो आणि भाषण देतो. वस्तूकडे बोट दाखवून विचारा. ह्या बरणीत आधी काय असायचं? हा डबा इतक्या वर का? तेलाची पळी कुणी करून दिली? गादीवर कोण बसायचं आणि मोजायला कोण? रॉकेलचा डबा कुठे ठेवायचे, डाळीला वास लागू नये म्हणून? उत्तरं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पण यंत्र समोर ठेवून, सांगून.

गिऱ्हाइकांनाही विचारा. चिल्लर मुठीत धरून पाठवलेली मुलं आता साठीची असतात. वाड्यातल्या बायकांना कुठल्या दुकानाचे पोहे जाड निघतात आणि कुठल्याचा गूळ चिकी करायला चालतो हे तोंडपाठ असतं. कुणी सांगितलं तेही बोलण्यासकट लिहा. 'अमुक अमुक उपलब्ध असे' असं प्रमाणभाषेत केलंत की त्यातला माणूस गेला.

पुडी आणि यादी

दोन गोष्टी अगदी जवळून टिपा, कारण त्या लवकर संपतायत.

पहिली पुडी. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगून झालंय आणि ते योग्यच आहे, पण पुडी बांधायचं कसब दुकानात असतं अजून. मालकांना चार दाणे कोऱ्या कागदात बांधून दाखवायला सांगा. कागदाचा चतकोर डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने टोक गुंडाळून शंकू, खालचं टोक मुडपलं की त्यात जिन्नस, तोंडाच्या कडा एकावर एक आत, मग वरून लोंबणाऱ्या सुतळीचे उभे-आडवे वेढे आणि बोटाला गुंडाळून दिलेला एक हिसका. सुतळी कात्रीशिवाय तुटते. हे सगळं काही सेकंदांत होतं. व्हिडिओ हळू करून सहा-आठ टप्पे निवडा आणि फक्त हात आणि कागद, रेघांत काढा. चेहरा नको, मागचं दुकान नको. बाण कमीत कमी.

दुसरी वाणसामानाची यादी. घराघरांतल्या जुन्या याद्या डब्याच्या तळाशी, पंचांगात, शिलाई मशीनच्या खणात सापडतात. वर 'श्री', मग डाळी-तांदूळ, मग तेल-गूळ-साखर, शेवटी साबण आणि काडेपेट्या. क्रम घराप्रमाणे बदलतो आणि तो बदल बघण्यासारखा असतो. इथे एक सावधगिरी. जुन्या यादीत 'तूरडाळ २॥', 'शेंगदाणे १।', 'गूळ ॥।' असं दिसेल. ते दंड विरामचिन्हं नव्हेत. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, दोन आणि एक मिळून पाऊण. म्हणजे अडीच किलो तूरडाळ, सव्वा किलो दाणे, पाऊण किलो गूळ. टाइप करणाऱ्याने चूक समजून त्या उडवल्या तर अडीचची दोन किलो होते. युनिकोडमध्ये पाव, अर्धा, पाऊण यांची स्वतंत्र चिन्हं आहेत, पण थोड्याच फॉन्टमध्ये सापडतात. सगळ्यात उत्तम, यादीचं हस्ताक्षर जसंच्या तसं ६०० डीपीआयला स्कॅन करून वापरा.

खतावणी आणि उधारीच्या वह्या मिळाल्या तर अक्षराचं वळण, रकाने, शाई दाखवा, नावं आणि रकमा झाका. पेठेत कुणाच्या आजोबांची किती बाकी होती हे छापून यायला नको, चाळीस वर्षांनीही लोक मनावर घेतात. वही मोडी लिपीत असेल तर अंदाजाने वाचू नका. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गात शिकलेलं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच.

मांडणी

एवढं जमलं की मग डिझाइन. माझी शिफारस एका कागदाची. ए३ कागद घडी घालून मधे एक चीर दिली की ए६ आकाराची आठ पानी पुस्तिका होते आणि छपाई एका बाजूला लागते. दुसऱ्या बाजूला दुकानाचं १:१० दर्शनी चित्र छापा. घडी उलगडली की मागे अख्खं दुकान. घडीत वरच्या रांगेतली पानं उलटी येतात, म्हणून आधी कोरा कागद दुमडून त्यावर पृष्ठांक लिहा आणि तो समोर ठेवून पानं लावा.

आठ पानांत सगळं येणार नाही. फळ्या, पुडी, यादी, मापं, मालकांचं चार ओळी बोलणं, एवढंच घ्या. उरलेलं संग्रहात राहू द्या.

मजकुरासाठी ओपन लायसन्सचे फॉन्ट भरपूर आहेत. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट छोट्या आकारातही वाचायला स्वच्छ. पुस्तकी चेहरा हवा तर टिरो देवनागरी मराठी, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. दुसरा फॉन्ट घेतलात तर ही दोन अक्षरं आधी तपासा. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शासनाने २००९ साली प्रमाण ठरवलाय, आणि जुन्या पाटीशेजारी हिंदी वळणाचा 'ल' लगेच परका दिसतो. 'यात्रा वन' हा फॉन्ट सुंदर आहे, पण तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या अक्षरांवरून आलाय. सदाशिव पेठेच्या दुकानाला त्याचं शीर्षक म्हणजे फलाट चुकल्यासारखं.

इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. प्रेसवाल्याकडे फाइल देताना मजकूर आउटलाइनमध्ये बदलून पीडीएफ द्या. बऱ्याच ठिकाणी अजून श्री-लिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालतं आणि युनिकोड मजकूर तिथे उघडला की चौकोन दिसतात.

जुनेपणाचे डाग, सुरकुत्या, फाटक्या कडा घालू नका. दुकानदार रोज सकाळी ओटा धुतो, डबे पुसतो, पाटीला हार घालतो. त्याचं दुकान मळकं दाखवायचा आपल्याला काय अधिकार?

पुस्तिकेऐवजी कॅलेंडर करायचं असेल तर तेही अस्सल माध्यम, वाण्याने दिवाळीत गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायची रीतच आहे. बारा महिन्यांना बारा वस्तू. पंचांगाचा मजकूर दुसऱ्या दिनदर्शिकेतून उचलू नका, तारीख, वार आणि सुट्ट्या पुरेत. प्रत्येक चौकटीत जागा मोकळी ठेवा, नाहीतर दुधाचा हिशोब आणि गॅसची तारीख लिहायची कुठे?

छपाई

ऑइल पेंटचा गडद हिरवा चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतो. म्हणून दोनच ठोस रंग निवडा, पाटीच्या शेड कार्डावरून, आणि स्क्रीन प्रिंटिंग करा. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे दोन रंगांत खर्चही आटोक्यात राहतो. अप्पा बळवंत चौकाच्या आणि शनिवार-नारायण पेठेच्या आसपास छपाईची कामं करणारे बरेच आहेत. चार ठिकाणी नमुने बघा, सगळ्यात स्वस्ताकडे जाऊ नका.

खाकी कागद सगळ्यांना आवडतो. पण त्यावर पिवळा दिसत नाही, फिका निळा राखाडी होतो आणि शाई पसरते. रेघ पाव मिलिमीटरहून बारीक ठेवू नका. घडीच्या पुस्तिकेला १०० जीएसएमच्या आसपासचा कागद बरा, जाड घेतलात तर घड्यांपाशी फुगतो.

छापायच्या आधी खऱ्या आकाराची प्रिंट काढून दुकानात न्या आणि मालकांकडून मोठ्याने वाचून घ्या. मालाची नावं, पूर्वजांची नावं, गावाचं नाव यातल्या चुका त्यांनाच सापडतात. दर्शनी चित्रात एखादा डबा चुकीच्या फळीवर असेल तर तेही सांगतील, आणि तो हलवून द्यायचा.

प्रती आधी दुकानात, मग पेंटरच्या घरी, मग ज्यांनी याद्या दिल्या त्यांना. विक्री करणार असाल तर ती दुकानातच ठेवायची का, हे मालकांना ठरवू द्या. कंपन्यांच्या इनॅमलच्या जाहिरात-पाट्या तुमच्या चित्रात दुकानाचा भाग म्हणून येणं वेगळं आणि त्यांचं बोधचिन्ह मग किंवा टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. त्या दुसऱ्या वाटेला जाऊ नका.

सांभाळून ठेवणं

मूळ फोटो, स्कॅन आणि ध्वनिमुद्रण दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क आणि एक ऑनलाइन. फाइलच्या नावात पेठ, दुकान, तारीख आणि क्रमांक असा एकच क्रम सगळीकडे. मालकांची हरकत नसेल तर दर्शनी भागाचे आणि वस्तूंचे निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या ऑनलाइन संग्रहावर मुक्त परवान्याखाली टाका, पेठेचं नाव वर्णनात मराठीतही लिहून. माणसांचे चेहरे आणि वह्यांची पानं मात्र तिथे नकोत.

आणि शेवटी एक साधी मजकुराची फाइल: कुठला फॉन्ट, शेड कार्डाचे नंबर, कागदाचं नाव आणि वजन, छापणाऱ्याचा पत्ता, पाटीतली कुठली अक्षरं पेंटरची आणि कुठली तुमची. दोन वर्षांनी कुणी "अजून पन्नास प्रती हव्यात" म्हणालं की सगळी शोधाशोध हीच फाइल वाचवते.